मागं घेतलेला पेपर

"सर, तो पेपर मागं घेतला हाये," मी म्हणली. उभी राहून म्हणली.

सगळी बैठक इंग्रजीत चालू होती. पण माझ्यासाठी सर मराठीत आले. आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, आमच्याच जिल्ह्यातले, इचोड्याकडच्या मोठ्या घरातले. "तुझी आजी आमच्या वावरात कापूस वेचायला यायची. आता तू आम्हाला पेपर शिकवणार? बस खाली."

बाकीचे तेलुगू बोलणारे. त्याईले शब्द समजले नाईत. सर हसले म्हणून तेही हसले. मी बसली. हो, बसली. त्याची लाज मले अजून वाटते. आजीची नाई वाटत.

आमचं काम जंगलपट्ट्यातल्या हिवतापावर. त्यात डॉक्टर हायेत, डासांचे जाणकार हायेत, हवामानवाले हायेत. दर शनिवारी नवीन पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध, वाचाची बैठक. मी फिल्ड असिस्टंट. उटनूरकडच्या गावांत साचल्या पाण्यातून डासांच्या अळ्या गोळा करते. एमएस्सी झाली माझी, पण बैठकीत माझी खुर्ची प्रोजेक्टरच्या वायरपाशी.

सर नवीन प्रस्ताव ज्या पेपरावर उभा करून राह्यले होते, तो लिहिणाऱ्यांनीच मागं घेतला होता. आकडे चुकले होते. पण हे छापून आलं हवामानाच्या मासिकात. डॉक्टर हवामानाचं वाचत नाईत, हवामानवाले डासांचं वाचत नाईत. ज्याचा त्याचा बांध. मले कोणी बांध घालून दिलाच नाई, म्हणून मी सगळंच वाचते. उटनूरच्या बसमध्ये, मोबाईलवर. एका पेपराले चार-चार दिवस लागतात. नाई समजलं तर परत पहिल्यापासून.

दोन वर्षं मी वाचाची, टिपण काढाची, सरले द्याची. शनिवारी सर ते आपलं म्हणून बोलाचे. मी म्हणाची, जाऊ दे, शिकून तर राह्यली ना.

त्या दिवशी बैठक उठल्यावर सरनं मले थांबवलं. आता आवाज मऊ. "ते मागे घेतल्याचं टिपण करून दे. सोमवारी प्रस्तावाला पैसे देणारे हैदराबादचे पाहुणे येणार आहेत. मी बघतो."

"नाई देत."

"काऊन?" दोन वर्षांत पहिल्यांदा सर माझ्या बोलीत बोलले.

"मी वाचलं. मीच सांगीन."

"तुझ्या करारावर सही कोणाची असते, माहीत आहे ना?"

"माहीत हाये."

बाप्पा, भेव वाटत नव्हतं असं खोटं काऊन सांगू?

सोमवारी सरनं पाहुण्यांसमोर तोच पेपर पडद्यावर लावला. स्वतः शोधून पाह्यलं नाई; माझ्या तोंडचं खरं मानणं सरले जड गेलं असन. मी उभी राह्यली. "बस," सर म्हणाले. मी नाई बसली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, कोणी मागं घेतला, काऊन घेतला. एका पाहुण्या बाईनं तिथंच मोबाईलवर शोधलं आन् मान हलवली. कोणी हसलं नाई.

प्रस्ताव परत गेला. माझा करार वाढला नाई. सर आता लोकांले सांगतात, ह्या पोरीले वर चढवलं तं डोक्यावर बसली.

सांगू द्या. वाचणं त्या करारात नव्हतं, ते थांबलं नाई आन् थांबणार नाई. टिपण मात्र आता कोणालेच मिळणार नाई. ऐकाचं असन, तर माझ्या तोंडून ऐका.