आमच्या मंडळीची ओझी

आमची ख्रिस्ती मंडळी जेमतेम पंचवीस जणांची. आसगावच्या एका खोलीत उपासना संपली की सतरंजी घडी करायला दोघं उठतात, बाकीचे बोलत बसतात, आणि घडी होईपर्यंत एखादा किस्सा तयार असतो. इतक्या वर्षांत किती साठले, देवालाच ठाऊक!

*

एकदा पास्टर ढोंगीपणावर तासभर बोलले. अगदी धुऊन काढलं! बाहेर पडताना आमचे ज्येष्ठ सभासद दानिएलकाका त्यांचा हात धरून म्हणाले, "बरं सुनावलं पास्टर! पण ज्याले लागाचं होतं, त्याले काही लागलंच नाही!"

पास्टर मला नंतर म्हणाले, "आज चार जणांनी मला हेच सांगितलं. त्यातले तिघं काकांबद्दल बोलत होते."

*

उपास करताना चेहरा पाडू नका, डोक्याला तेल लावा, असं शास्त्रात आहे. काकांनी ते फारच मनावर घेतलं. एका शुक्रवारी तेल कपाळावरून ओघळत होतं.

"काका, एवढं तेल काहून?"

"उपास आहे ना! कोणाले समजू नये म्हणून लावलं!"

हे त्यांनी दारातच प्रत्येकाला सांगितलं.

*

मार्थाबाईंना चुगली अजिबात आवडत नाही. त्या फक्त प्रार्थनेची विनंती करतात. "शेजारच्या सुनेसाठी प्रार्थना करा. काय झालं ते मी नाही सांगत. पण दोन बॅगा घेऊन गेली!"

मग अर्धा तास चौकशी चालली. दुसऱ्या बॅगेत काय होतं, हे मीच विचारलं. प्रार्थना राहून गेली.

*

यंदा ऐन रोवणीत, भातलावणीच्या घाईत, आमच्या मंडळीतली सुशीला बांधावरून घसरली. नवरा नाही, लेकरं लहान, पाय प्लास्टरमध्ये. पास्टरांनी नुकतंच एकमेकांची ओझी वाहण्यावर शिकवलं होतं, म्हणून आम्ही अकरा जण तिला धीर द्यायला गेलो. चांगला तासभर धीर दिला. शेवटी तीच भिंत धरत उठली आणि अकरा जणांचा चहा केला.

काका म्हणाले, "साखर जराशी कमी झाली, बाई."

*

आता हा शेवटचा. सुशीलाचे धानाचे पऱ्हे जून होत चालले होते. आठवडाभरात ती रोपं उपटून बांधीत, म्हणजे भातखाचरात, लावली नाहीत, तर तिचं वर्ष गेलं. तिने रोवणीच्या आठ बाया ठरवल्या होत्या. गुरुवारी सकाळी मी ऑटो पाठवला आणि त्यांना माझ्या शेतात आणलं. माझेही पऱ्हे जून होत होते, अशी मी मनाची समजूत घातली.

रविवारी ती काठी टेकत आली आणि दाराजवळ खुर्चीत, माझ्या बाजूलाच बसली. तिने विनंती सांगितली, "बाया आल्याच नाही, कोणीतरी नेल्या. प्रार्थना करा."

काकांनी डोळे मिटले. "प्रभू, या बाईच्या बाया ज्यानं पळवल्या, त्याचं मन बदल!"

"आमेन!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

डोळे उघडले, तर सुशीला माझ्याकडेच बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हळूच म्हणाली, "दादा, तुमची रोवणी झाली असंन, तं उद्या त्या बायायले माह्या बांधीत आणजा. अन् तुमीबी येजा. पऱ्ह्याच्या पेंढ्या वाहाले माणूस नाही माह्याकडं."