हल्ल्याचं पाणी

त्या उन्हाळ्यात माजलगावच्या धरणातल्या गाळाला भेगा पडल्या होत्या. ऊसच नव्हता, त्यामुळे आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याचं धुराडं थंड होतं. मी ज्या उपकेंद्रात नर्स होते, तिथल्या बाळंतपणाच्या खोलीतलं पिंप कोरडं ठणठणीत होतं. अशात वरून हुकूम आला : शत्रूनं रोगजंतूंची भुकटी टाकली तर काय करायचं, याचं प्रशिक्षण सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना सक्तीचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आमच्या गावाचा रस्ता टँकरवाल्याला सापडत नव्हता, तो शत्रूला कुठून सापडणार?

माझा जीव भलतीकडेच अडकला होता. ऊसतोडीहून परतलेली एक पहिलटकरीण दिवस भरून बसली होती. तिच्या बाळंतपणासाठी टँकर मागून मागून माझी जीभ झिजली. दर वेळी उत्तर एकच, "बाई, पाणी कुठंय?"

प्रशिक्षणाच्या दिवशी कारखान्याच्या आवारात पाहते तर काठोकाठ भरलेला टँकर उभा! शेजारी पांढरा तंबू, साबणाच्या वड्या, रबरी हातमोज्यांची खोकी. भुकटी अंगावर पडलेल्या माणसांना धुऊन काढायची तालीम होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आधी अर्थातच शाल, नारळ, हार. जंतूंच्या जागी कुठली भुकटी वापरावी, असा प्रश्न शहरातून आलेल्या डॉक्टरांना पडला, तो कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी चुटकीसरशी सोडवला. "भाहेरचा माल कावून? आपल्या कारखान्याची साखर दळून घ्या. सभासदान्ला बी बरं वाटंल." असा आमचा हल्लासुद्धा सहकारी तत्त्वावर झाला.

नाटकातले रोगी म्हणून चार-दोन गावकरी पुरले असते. पण भुकटी लावून घेईल त्याला साबणानं आंघोळ, ही बातमी पसरली आणि अख्खं गाव लोटलं. नुसतं नाही, डोक्यावर बाजा आणि हातात घमेली घेऊन. दुष्काळात आमच्याकडे बाजेवर बसून आंघोळ करतात. खाली घमेलं ठेवतात, साठलेलं पाणी पुढच्या कामाला वापरतात. लोकांनी रांगेनं बाजा मांडल्या, अंगावर साखर उडवून घेतली आणि ऐटीत बसले. निम्म्यांनी तर रोगजंतू चाटूनच संपवले.

डॉक्टर ओरडत होते, "अहो, ते पाणी साठवू नका! विषारी आहे!"

एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "बाई, मला साबन लावू नको. म्हशीला पाजायचंय, लई गोड हाय."

मी हसू दाबत होते, तेवढ्यात रांगेत माझी पहिलटकरीण दिसली. सासूनं तिलाही आणलं होतं. बाळंत व्हायच्या आधी एकदा तरी पोरीचं अंग धुतलं जावं म्हणून. तिच्या अंगावर पहिला तांब्या ओतला आणि तिनं बाजेची दोरी घट्ट धरली. कळा सुरू झाल्या होत्या.

मी तिला धरून तंबूत नेलं. डॉक्टर आडवे आले. "सिस्टर, हे कार्यक्रमात नाही."

"पोटातल्याला कार्यक्रमपत्रिका कुणी दिली न्हाई, साहेब," मी म्हणाले आणि तंबूचा पडदा ओढून घेतला.

खरं सांगते, इतक्या थाटात मी कधीच बाळंतपण केलं नव्हतं. हवं तेवढं पाणी, नवा साबण, कोरे हातमोजे. मुलगी झाली. तिला धुताना मला रडू आलं. आनंदाचं थोडं, संतापाचं जास्त. बाहेर चेअरमनसाहेबांनी तालीम यशस्वी झाल्याचं जाहीर करून बाळंतिणीला साखरेचा पुडा दिला.

संध्याकाळी तंबू गुंडाळला गेला. उरलेलं पाणी घेऊन टँकर निघाला. मी आडवी उभी राहिले, हातापाया पडले. पण ते पाणी हल्ल्यासाठीच मंजूर होतं म्हणे.

पुढच्या आठवड्यात बाळाला बघायला बाळंतिणीच्या घरी गेले. तिथलंही पिंप कोरडंच होतं. पोरीनं मला बसायला पोतं टाकलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, आता पुन्ना हल्ला कवा हाय? माझ्या जावंचे दिवस भरत आलेत."