जामीनदाराचं काय?

माझ्या मेहुण्याच्या एम्ब्रॉयडरीच्या दोन मशिनी होत्या, लिंबायतला, भाड्याच्या गाळ्यात. मार्केटातल्या एका शेठच्या साड्यांचं काम तो करायचा. एके दिवशी त्या शेठच्या दुकानाला कुलूप दिसलं, शेठ गायब. सुरतेत याला पार्टी उठली म्हणतात. कित्येक महिन्यांची मजुरी त्या कुलपामागे राहिली. पुढे मशिनींचे हप्ते थकले, तेव्हा बँकेनं मशिनी ओढून नेल्या आणि मिळेल त्या भावात विकल्या. तरी बरंच कर्ज उरलं. शिवाय हातउसने होते, व्याजाचे होते. त्या बँकेच्या कागदावर जामीनदार म्हणून माझी सही होती. मी मराठी शाळेत शिक्षक. पक्की नोकरी, स्वतःचा फ्लॅट. अशा माणसाची सही बँकेला चालते.

कोणीतरी त्याला सांगितलं, कोर्टात नादारीचा अर्ज करता येतो. कोर्टानं नादार ठरवलं की वसुलीवाल्यांचा त्रास थांबतो. त्यानं मला फोन केला. "दाजी, तुम्ही सोबत चला. वकिलासमोर मला नीट बोलता येणार नाही."

वकील वयस्कर गुजराती गृहस्थ होते, अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलणारे. समोर तीन खुर्च्या. मेहुणा मधे, एका बाजूला त्याची बायको, दुसऱ्या बाजूला मी. बोलता येणार नाही म्हणणारा मेहुणा एकदा सुरू झाला तो थांबेना. जेलमध्ये टाकतात का? फसवाफसवी केली नसेल तर नाही. खोलीचं डिपॉझिट जाईल? ते दाखवावं लागेल. बायकोचं शिलाई मशीन नेतील? पोट भरायची हत्यारं सहसा सोडतात. मंगळसूत्र? ते तिचं आहे. पेपरात नाव येईल? नोटीस छापावी लागते. पुढे नोकरी करता येईल? येईल, करावीच लागेल.

"आणि माल आणायचा टेम्पो भावाच्या नावावर केला तर?"

वकिलांनी चष्मा काढला. "ते करू नका. आत्ता नावावर करून दिलेलं कोर्ट फिरवतं आणि तुमच्यावरचा विश्वास उडतो."

माझाही एक प्रश्न होता. पण तो विचारायचा म्हणजे, तू सुटलास तर माझं काय, असं मेहुण्याच्या तोंडावर म्हणायचं. मला ते जमेना. घरी जाऊन एकट्यानं फोन करावा, असं मी ठरवत होतो. तेवढ्यात त्याच्या बायकोनं पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "साहेब, दाजींनी सही केलीय. त्यांचं काय होईल?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत मी कोण हे त्यांना कळलं नव्हतं. "जामीनदार तो ना छूटे, बेन," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "अर्ज केला नाही तरी बँक तुमच्याकडे येऊ शकते. आत्ता यांच्या मागे लागलेत, म्हणून तुमच्यापर्यंत पोचलेले नाहीत."

खाली रिक्षापाशी आल्यावर मेहुणा म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं, दाजी. मी अर्ज करत नाही." मी त्यांना रिक्षात बसवलं आणि चालत राहिलो.

बायकोला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि गवार निवडत राहिली. अर्ज करू दे म्हणावं तर आपलं घर, करू नको म्हणावं तर भाऊ. ती बोलेना आणि तिनं बोलावं असं मलाही म्हणवेना. कितीतरी दिवस आम्ही भाजीबद्दल, पाण्याबद्दल, शाळेबद्दल बोलत राहिलो. तिकडे वसुलीची माणसं मेहुण्याच्या दारात खुर्ची टाकून बसायची. शिवी नाही, दमदाटी नाही, नुसती बसायची. शेजारी बघायचे. त्याच्या मुलीनं क्लासला जाणं सोडलं, कारण त्या खुर्चीसमोरून जावं लागायचं. त्याचा फोन आला की मला धडकी भरायची आणि आला नाही की वाटायचं, चला, अजून त्याच्यावरच निभावतंय. असं वाटलेलं मला आवडायचं नाही, पण वाटायचं.

मुलीच्या क्लासचं कळल्यावर बायको म्हणाली, "त्याला सांगा, कर म्हणावं अर्ज."

"आपल्यावर येईल."

"माहिती आहे मला."

मी लिंबायतला गेलो. मेहुण्यानं आधी ऐकलंच नाही. "तुम्हले कसाले तरास?" म्हणत राहिला. एरवी माझ्याशी नीट मराठीत बोलणारा, त्या दिवशी अहिराणीतच बोलला. शेवटी त्याच्या बायकोनंच कागदपत्रांची पिशवी माझ्यापुढे ठेवली.

अर्ज दाखल झाला. टेम्पो कोर्टाच्या ताब्यात गेला. दारातली खुर्ची हलली. मेहुणा कडोदऱ्याला दुसऱ्याच्या मशिनीवर ऑपरेटर म्हणून लागला. आणि बँकेनं माझ्यावर दावा लावला.

मी पुन्हा त्याच वकिलांकडे गेलो, या वेळी एकटा. विचारलं, मलाही असा अर्ज करता येईल का? त्यांनी माझा पगार विचारला, फ्लॅट कोणाच्या नावावर ते विचारलं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही अर्ज केलात तर आधी फ्लॅटच जाईल. तुम्ही नादार नाही आहात." म्हणजे कर्ज फेडून टाकण्याइतकी माझी ऐपत नव्हती आणि हात वर करण्याइतका मी गरीबही नव्हतो. दाव्याचा निकाल बँकेच्या बाजूनं लागला आणि पगारातून एक हिस्सा कापला जाऊ लागला. शाळेतल्या क्लार्कनं कोर्टाचा कागद माझ्या हातात देताना नजर चुकवली. निवृत्तीनंतर नाशिकला जायचं आमचं ठरलं होतं. तो विषय घरात निघेनासा झाला.

मेहुणा येतो, सुट्टीच्या दिवशी. आधी सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचा, आता दाराजवळच्या स्टुलावर बसतो. बायको आग्रह करते, तो "इथंच बरंय" म्हणतो. आम्ही मशिनींबद्दल, मुलांच्या निकालांबद्दल बोलतो. दोघांनाही दुसरं काही सुचत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याला कोर्टानं कर्जातून मोकळं केलं. त्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होतो.

"दाजी, सुटलो," तो म्हणाला. त्याच्या मागे मशिनींचा आवाज येत होता.

"चांगलं झालं," मी म्हणालो. मला खरंच चांगलं वाटलं होतं. ते त्याला पटावं म्हणून मी दोनदा म्हणालो. मग बायकोच्या हातात फोन दिला. ती गॅलरीत जाऊन बोलत राहिली. मी पुढचा पेपर ओढला. अजून बरेच हप्ते कापले जायचे आहेत.