मूळ खातं कोणाच्या नावावर

उल्हासनगरच्या त्या जीन्सच्या कारखान्यात तीन भावांची तीन युनिटं होती. मधला भाऊ वारल्यावर त्याचं युनिट वहिनी चालवत होत्या; कागदोपत्री मालकीणही त्याच. तिन्ही युनिटांची बिलं, डिझाइनं, वेबसाइट सगळं भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर, नीट लावून द्यायचं काम मी घेतलं होतं. त्यासाठी मी कात्रपहून जायचे.

एका मूळ खात्याखाली मी तीन कप्पे शेजारी शेजारी मांडले. थोरल्या शेठनी स्क्रीन पाहिली आणि त्यांचं डोकंच फिरलं. "मॅडम, मी आणि धाकटा एका लायनीत? हमारे में ऐसा नहीं चलता. मी वर, बाकी सगळे माझ्या खाली."

अहो, हा काय लग्नातला मानपान आहे? वरच्या कप्प्यावर घातलेली बंदी खालच्या सगळ्यांना लागते, खालच्याला ती उठवता येत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. पण वहिनीच म्हणाल्या, "जाऊ दे ना ताई, ठेवा मला खाली. जेठजी मोठे आहेत." मी राग गिळला आणि ठेवलं.

दिवाळीच्या तोंडावर वहिनींनी लहान मुलांच्या जीन्स स्वतःच्या वेबसाइटवर विकायचं ठरवलं. माल शिवूनही झाला. मी सर्व्हर उघडायला गेले तर परवानगीच नाही! थोरल्यांनी आपल्या कप्प्यावर नियम घालून ठेवला होता: नवीन काहीही उघडायचं नाही. विचारलं तर म्हणाले, "बाईमाणसाला वेगळं दुकान कशाला?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. खर्च तिचा, माल तिचा आणि नकार ह्यांचा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक वहिनींच्या केबिनमध्ये शिरले.

"यातून बाहेर पडा. तुमच्या फर्मचं वेगळं मूळ खातं उघडते, त्याच्या वर कोणीच नसेल. मालक म्हणून कोणाचा मोबाइल नंबर घालू?"

"जेठजींना विचारून सांगते."

मी ओरडलेच. शेठवरही एवढी ओरडले नव्हते. "विचारा! आणि मग त्या सगळ्या पँटी पोत्यात भरून त्यांच्याच गोदामात नेऊन टाका!" बाहेरची मशिनं थांबली. वहिनींचे डोळे भरले, पण मला तेव्हा त्यांची दयासुद्धा आली नाही.

डोळे पुसून त्यांनी स्वतःचा नंबर सांगितला. त्यांच्या मोबाइलवर खातं उघडायचा कोड आला, तोवर थोरले शेठ दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्याकडे न बघता वहिनींनी तो कोड मला वाचून दाखवला. एकेक आकडा, मोठ्यानं.