आत्याची हिरवी भाकरी आणि माझी बी-बाराची चूक

आधी दुरुस्ती. स्पिरुलिना या शेवाळावरच्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, शाकाहारी माणसाची बी-बारा जीवनसत्त्वाची गरज त्याच्या पुडीच्या रोजच्या एका चमच्यात भागते. ते चूक आहे. या शेवाळात बी-बारासारखा एक पदार्थ असतो, पण त्यातला बराचसा आपल्या शरीराला वापरताच येत नाही. एका आहारतज्ज्ञ वाचक ताईंनी हे कळवलं. मी दोन दिवस वाचून खात्री केली, आणि पहिली आठवली ती भांडगावची आत्या.

आत्या माळकरी, अंडी-मासे घरात येत नाहीत. पायाला मुंग्या यायच्या म्हणून डॉक्टरांनी तिला बी-बाराची इंजेक्शनं लावून दिली होती. माझा लेख वाचून तिने ती बंद केली, आणि मला फोनवर कौतुकाने सांगितलंही. मी तेव्हा खूश झाले होते. आता फोन केला, तर एवढंच म्हणाली, "ये आन् समोर बसून सांग." शनिवारी सकाळी निघाले.

वाघोलीहून शिरूरची एसटी पकडायची, शिक्रापूरला उतरायचं, तिथून तळेगाव ढमढेरेला शेअर जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा अर्धा तास जास्तीचा धरा. तळेगावात मला स्पिरुलिना पिकवणाऱ्या आबांना भेटायचं होतं. मागचा लेख त्यांच्याच शेडमध्ये बसून लिहिला होता.

उसाच्या पलीकडे त्यांचे चार उथळ हौद आहेत. पाणी गर्द हिरवं, वर पंखा संथ फिरतो. शेवाळ कापडावर गाळून घेतात, दाबून पाणी काढतात आणि सोऱ्यातून शेवयांसारखं जाळीवर पाडून वाळवतात. ओला गोळा मी पुन्हा चाखला. चव फार कशाची नाही, थोडी कच्च्या पालकासारखी. प्रोटीन चांगलं, लोहही आहे. पण चमचाभर पुडीतलं प्रोटीन मूठभर शेंगदाण्यांपेक्षा कमीच भरतं, हेही मागच्या वेळी सांगायला हवं होतं. आणि कृपा करून नदीतलं किंवा शेततळ्यातलं शेवाळ कुणी खाऊ नका. त्यातलं काही विषारी असतं.

माझी चूक काय झाली ते सांगितल्यावर आबांनी तपासणीचा कागद काढला. त्यावर बी-बारा होतं.

"मशीननं मोजलं तवा हाय म्हनलं," ते म्हणाले. "अंगाला लागतं का, ते मशीनला कुठं ठावं? मी बी इचारलं न्हाई, तुम्ही बी न्हाई."

मग उरलेल्या पाकिटांवर छापलेल्या बी-बाराच्या ओळीवर चिकटपट्टी लावायला त्यांनी सुनेला बसवलं. मीही दहा-बारा पाकिटांना लावली.

पुढे न्हावऱ्याला मिसळ खाल्ली. तिखट आहे, ताक सोबत मागाच. तिथून चौफुल्याची गाडी भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरते, आणि गुऱ्हाळांचा गोड, करपट वास खिडकीतून आत येतो. एरवी मी उतरून काकवी घेते. या वेळी घेतली नाही. चौफुल्याला उतरून भांडगाव गाठेपर्यंत काय बोलायचं त्याचीच जुळवाजुळव चालली होती.

आत्याने भाकरी वाढली ती हिरवी. बाजरीच्या पिठात चमचा-चमचा पूड मळत होती ती, महिनाभर. मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही. अक्षरं, पाढे, सगळं याच स्वयंपाकघरात आत्याकडून शिकले. तिचा नियम होता, चूक रबराने पुसायची नाही. आडवी रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं.

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "लेखातलं पुसलंस का खोडलंस?"

"खोडलं. खाली बरोबर लिहिलंय."

"मग रडतीस कशाला? जेव."

मुंग्या परत सुरू झाल्यात का, हे मला विचारवत नव्हतं. तिनेच सांगितलं, डावा पाय पंधरा दिवसांपासून बधिर वाटतो. चप्पल कधी निसटते ते कळत नाही. दुपारीच आम्ही यवतला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त घेतलं, इंजेक्शन दिलं आणि वेळेत आलात असं सांगितलं. येताना आत्याने माझा हात धरला होता. तोल जातो म्हणून की माझ्यासाठी, ते कळलं नाही.

पण तिने आणखी एक सांगितलं. तिच्या भजनातल्या शकूमावशींनीही इंजेक्शन सोडलंय. आत्यानेच त्यांना लेख वाचून दाखवला होता. मावशी लेकीकडे इनामगावला गेल्यात. मी तिथूनच फोन केला.

"लिहिताना तर लई ठाम हुतीस गं," मावशी म्हणाल्या. "आता फोनवर न्हाई म्हंतीस. ह्यातलं खरं कुठलं धरू? गुरुवारी येते मी. तोंडावर सांग, मग बघू."

भांडगावहून हडपसरची बस सहज मिळते, उभं राहावं लागतं एवढंच. आता घरी बसून लिहितेय. स्पिरुलिना मी बंद केलेली नाही, रोजचा चमचा ताकातून चालूच आहे. बी-बाराची गोळी मात्र वेगळी घेते. तुम्ही माझ्या लेखामुळे कुठलं औषध सोडलं असेल, तर आजच डॉक्टरांना विचारा. माणसं आपल्यावर एवढा विश्वास टाकतात, याची मला आता भीती वाटते आणि फार माया वाटते.

मी रजा टाकली आहे. येत्या गुरुवारी सकाळी दहाला मी भांडगावात शकूमावशींच्या दारात असेन, आणि त्यांना घेऊनच यवतला जाईन.