चौथा माणूस घाबरला होता

ती घटना विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण दाराची बेल अवेळी वाजली की आजही ती आठवते.

मी कोलकात्यातच जन्मलो. घरात मराठी, बाहेर बंगाली. माझ्या पोलीस सेवेतली ही गोष्ट. बदलून आलेल्या एका मराठी अधिकाऱ्याच्या घरात भरदुपारी चोर शिरला आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला ढकलून हातातल्या पाटल्या काढून घेऊन गेला. ठाण्याचे प्रमुख, आमचे बडोबाबू, मला म्हणाले, "घ्या, तुमच्या देशची आजी! बंगाली नाही, हिंदी नाही. तुम्हीच सांभाळा."

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं, की त्या इमारतीत नळ दुरुस्त करणारा मिस्त्री चोरी झाल्यापासून कामावर आलेला नाही. त्याला हावड्याच्या घरातून उचललं. "मुलीला ताप होता, म्हणून घरी राहिलो," एवढंच तो सांगे. त्याला पाण्याचा पेला धरता येईना. मी डायरीत लिहिलं, 'संशयित उत्तरं टाळतो.' खरं तर तो एकच उत्तर पुन्हा पुन्हा देत होता.

ओळखपरेड तुरुंगात दंडाधिकाऱ्यांसमोर झाली. तपासातल्या पोलिसाने तिथे थांबायचं नसतं. पण दुभाषी हवा होता आणि मराठी येणारा मीच. चौकशी मीच केली आहे, हे मी दंडाधिकाऱ्यांना सांगितलं नाही.

दहा माणसं रांगेत उभी होती. आजींनी माझी बाही धरली. "अहो भाऊ, मी पाठमोराच पाहिला हो त्याला. हा चौथा बघा कसा लटलट कापतोय. हाच असेल का?"

"काय म्हणतात त्या?" दंडाधिकाऱ्यांनी विचारलं.

"चौथा. हाच तो," मी सांगितलं.

त्या खोलीत दोन्ही भाषा कळणारा मी एकटाच होतो. पुढे कोर्टात आजींनी न डगमगता त्याच्याकडे बोट दाखवलं. पोलिसांनी धरलाय म्हणजे तोच, अशी तोवर त्यांची खात्री झाली होती. तीन वर्षांची शिक्षा झाली.

वर्षभराने दुसऱ्या गुन्ह्यात पकडलेला एक चोर माझ्यासमोर जुन्या चोऱ्या सांगू लागला. "एक बुढी होती, साहेब. पाटल्या ओढल्या तर 'आई गं, आई गं' करत बसली. कुठली भाषा ती?" मी लिहिता लिहिता थांबलो. ते मी जबाबात उतरवलंच नाही. उतरवलं असतं तर परेडमध्ये मी काय केलं तेही निघालं असतं.

मिस्त्री पूर्ण शिक्षा भोगून सुटला. एकदा हावड्याच्या फेरीबोटीत समोर आला. मी तोंड फिरवलं, त्यानेही फिरवलं. एकमेकांना घाबरत आम्ही नदी ओलांडली.

निवृत्तीनंतर बरीच वर्षं गेली. यंदा मी त्याचं घर शोधून काढलं. मला पाहताच तो उठून उभा राहिला, हात पुढे धरून. "आता काय केलं मी, दारोगाबाबू?"

मी सगळं सांगितलं. त्याने हात खाली घेतले. मग म्हणाला, "कोर्टाचं नंतर बघू. आधी माझ्या मुलीला सांगा. चोराची मुलगी म्हणून तिचं लग्न दोनदा मोडलं. आता सासरी आहे, मला दारात उभं करत नाही."

आम्ही दोघं तिच्या दारात गेलो. तिलाही मी सगळं सांगितलं. शेवटी एवढंच विचारलं, "खरा चोर सापडल्यावरही गप्प का बसलात?"

"घाबरलो होतो."

"बाबाही घाबरलेच होते," ती म्हणाली. "त्यांना त्याची शिक्षा झाली."

मग तिने दार पूर्ण उघडलं आणि वडिलांना आत घेतलं. मी बाहेरच थांबलो.

चेहऱ्यावरची भीती वाचता येते, तिचं कारण वाचता येत नाही, हे मला या प्रकरणाने शिकवलं. हे सगळं लिहून, सही केलेलं प्रतिज्ञापत्र वकिलाकडे दिलं आहे. माझं काय व्हायचं ते होवो.