सत्कार झालेला साक्षीदार

पडेगावच्या आमच्या शेडमध्ये नवरा लोखंडी गेट बनवायचा. गेट म्हटलं की लोखंड कापणं आलं, कापायचं म्हणजे ऑक्सिजनची टाकी आली, आणि टाकी देणारी कंपनी एकच. बाकीच्या एजन्स्या तिने एकेक करून घशात घातल्या होत्या. ती म्हणेल तो भाव, ती देईल तेव्हा टाकी.

मग सरकारने चौकशी समिती नेमली. समितीचे साहेब इथे आले आणि ‘साक्ष द्या, तुमचं नाव कुठेही येणार नाही’ असा शब्द देऊन त्यांनी शेडवाल्यांना बोलावलं. ऐन वेळी एकेकाला लघवीला लागली. बोलला तो माझा नवरा, एकटाच.

अहवाल आला. ही मक्तेदारी आहे, ती मोडा, मागेल त्याला टाकी मिळालीच पाहिजे, असं स्वच्छ लिहिलं होतं. साक्षीदाराचं नाव नव्हतं. साहेबांनी शब्द पाळला. घोळ घातला आमच्याच लोकांनी.

आमच्याकडे काही चांगलं घडलं की सत्कार करावाच लागतो, त्याशिवाय ते घडलं असं कुणाला वाटतच नाही. सरकारचा आदेश निघायचा होता, पण तेवढा धीर कुणाला? शहागंजातून फेटे आले, शाली आल्या. मंडप दिला कंपनीच्याच एजन्सीवाल्याने. त्याला वगळलं तर वाईट दिसलं असतं म्हणे! तो पुढच्या सोफ्यावर ऐसपैस बसला होता. शेडवाल्यांच्या अध्यक्षांनी माइक धरला आणि “या वाघानं एकट्यानं साक्ष दिली बरं का!” म्हणत माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर फेटा चढवला. टाळ्या सगळ्यात आधी एजन्सीवाल्याने वाजवल्या. वर येऊन पेढाही भरवला.

त्यानंतर आमच्या दारात टाकी आली नाही. “गाडीच आली नाय ना, वहिनी,” एजन्सीवाला गोड आवाजात सांगायचा. गाडी शेजारच्या शेडसमोर उभी असायची. जालन्याहून आणावी म्हटलं तर तिथंही हीच कंपनी. ज्यांनी फेटा बांधला, त्यांच्याकडे एखादी टाकी उसनी मागितली तर म्हणाले, “आमचीबी बंद व्हईल ना भाऊ.”

नवरा मुंबईला फोन लावायचा. अहवाल विचाराधीन आहे, असं उत्तर यायचं. एवढा विचार आमच्या लग्नाच्या वेळी दोन्ही घरांनी मिळूनही केला नव्हता. पुढे त्या अहवालाचा अभ्यास करायला दुसरी समिती नेमली गेली. पहिल्या समितीचं अक्षर लागत नसावं.

तोवर आमची मशिनं विकली गेली. नवरा घरात बसून राहायचा, जेवताना बोलायचा नाही. मला त्याची भीती वाटायला लागली होती. एक दिवस एजन्सीवाला दारात आला. त्याला टाक्यांच्या गाडीवर ड्रायव्हर हवा होता. मी आतून नको-नको म्हणत होते. नवरा दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

यंदा सरकार हललं, टाक्या सगळ्यांना मिळतात का ते बघायला माणसं पाठवली. शेडला कुलूप पाहून दोन अधिकारी विचारत विचारत घरी आले. नवरा नुकताच गाडीवरून आला होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट.

“टाकी मिळायला काही अडचण?” अधिकाऱ्याने विचारलं.

“नाय साहेब. टायमावर गाडी जाती समद्यांकडं.”

मला असा राग आला! त्या अधिकाऱ्यांचा, त्या फेट्याचा, आणि नवऱ्याचाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, “चहा टाक गं.” आवाज इतका बारीक होता की मी गुपचूप आत गेले.

साखर टाकताना बाहेरून अधिकाऱ्याचा आवाज आला, “मग त्या वेळी साक्ष दिली कुणी?”



“काय माहीत,” माझा नवरा म्हणाला. “असंल कुणीतरी.”